मंडल : केंद्र, कुंपण आणि समता

काही महिन्यांपूर्वी अकोला येथील एका उपासकाच्या नव्या घराच्या गृहप्रवेशास उपस्थित राहण्याचा योग आला. त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा आणि परित्राणपाठ रीतीप्रमाणे पार पडले. दर्शनी खोलीच्या भिंतीवर बुद्धगयेहून आणलेले तिबेटी मंडलाचे एक छापील चित्र काचेच्या चौकटीत लावलेले होते. त्याच घराचा नकाशा मात्र पाया खणण्यापूर्वी 'वास्तू'च्या एका जाणकाराकडून तपासून घेण्यात आला होता. स्वयंपाकघर आग्नेयेस, पाण्याची टाकी ईशान्येस, हे सारे त्या नकाशाबरहुकूम होते. भोजनानंतर यजमानांनी आम्हांस सरळच विचारले, "सर, भिंतीवरचं मंडल आपलं आणि नकाशातलं मंडल त्यांचं, हे बरोबर ना? की दोन्ही एकच?"

प्रश्न साधा दिसतो. उत्तर साधे नाही. आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते आम्हांसच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची पूर्तता होय.

या विषयावर आपल्याकडे जे बोलले व लिहिले जाते, त्यात दोन मते वारंवार आढळतात. पहिले मत असे की, मंडल ही मूळ वैदिक-पौराणिक वस्तू असून बौद्धांनी ती उत्तरकाळात उचलली. तेव्हा ती आपल्याला वर्ज्य. दुसरे मत याच्या अगदी उलट आहे. मंडल हे मूळचे बौद्धांचेच, ब्राह्मणांनी ते बळकावले. तेव्हा ते परत घेतले पाहिजे. पहिल्या मतात एक प्रकारचा संकोच आहे, दुसऱ्यात अभिमान आहे. आमच्या मते दोन्ही मते एकाच चुकीवर उभी आहेत. मंडल कोणाचे, हा प्रश्न दोन्ही पक्ष विचारतात. मंडल काय करते, त्याच्या मध्यभागी कोण बसतो, दाराशी कोण उभा राहतो आणि रेषेबाहेर कोण पडतो, हा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. आम्हांस तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

पालि साहित्यातील मंडल

प्रथम शब्दाकडे पाहू. पालि साहित्यात 'मण्डल' हा शब्द विपुल आहे. परंतु देवतांची मांडणी केलेली पूजनीय आकृती हा अर्थ तेथे नाही. चंदमण्डल, सुरियमण्डल म्हणजे चंद्र-सूर्याचे बिंब. अस्समण्डल म्हणजे घोडे फिरविण्याचे वर्तुळाकार मैदान. वेरंजा येथे दुष्काळ पडला असता उत्तरापथातील घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी भिक्खूंना घोड्यांचा भरडा धान्यदान म्हणून दिला, तो अशाच अश्वमंडलांच्या ठिकाणी, असे विनयपिटकात सांगितले आहे. जुगाऱ्यांच्या रिंगणासही मण्डलच म्हटले आहे.

विनयातील आणखी दोन उपयोग तर आपल्या रोजच्या परिचयाचे असावयास हवेत. सेखिय नियमांत भिक्खूने अंतर्वस्त्र 'परिमण्डल' नेसावे असे सांगितले आहे, आणि त्याचा अर्थ 'तिमण्डल' झाकणे असा दिला आहे. ही तीन मंडले म्हणजे नाभी आणि दोन गुडघे. दुसरा उपयोग चीवराचा. मगधातील बांधबंदिस्ती केलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदास तशा आकाराचे चीवर तयार करता येईल काय असे विचारले आणि आनंदाने ते शिवून दाखविले, ही महावग्गातील कथा सर्वश्रुत आहे. त्या चीवराच्या तुकड्यांची जी नावे तेथे येतात, त्यांत मण्डल आणि अड्ढमण्डल ही नावे आहेत. म्हणजे भिक्खूच्या अंगावर मंडल असते ते शेताच्या वाफ्याच्या रूपाने. आणि कापड तुकड्यातुकड्यांचे असते ते यासाठी की, त्याला बाजारात मोल राहू नये व चोरास त्याचा लोभ वाटू नये. वऱ्हाडातील शेतकऱ्यास धुरे-बांधांची ही आकृती समजावून सांगण्याची गरज नाही.

साधनेतील मंडलाचा विचार विसुद्धिमग्गात येतो. हेन्री क्लार्क वॉरन यांनी आरंभ केलेली आणि आपल्या धर्मानंद कोसंबींनी सिद्ध केलेली या ग्रंथाची आवृत्ती हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत १९५० साली प्रसिद्ध झाली. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष तेथे पठवीकसिणाचे वर्णन करतात. अरुणवर्णाची माती घ्यावी. निळी, पिवळी, तांबडी वा पांढरी नको. ती मळून, खडे-काड्या काढून, एक वीत चार अंगुळे व्यासाचे मंडल करावे. आकार सुपाएवढा वा परळाएवढा. साधकाने त्यापासून अडीच हातांवर, बेताच्या उंचीच्या आसनावर बसावे. अधिक दूर बसल्यास मंडल स्पष्ट दिसत नाही, अधिक जवळ बसल्यास मातीतील दोष डोळ्यांत भरतात. डोळे मिटल्यावरही ते मंडल उघड्या डोळ्यांइतके स्पष्ट दिसू लागले, म्हणजे उग्गहनिमित्त प्राप्त झाले. त्यानंतर साधकाने त्या जागी बसून राहू नये. उठून आपल्या निवासस्थानी जावे आणि तेथेच साधना वाढवावी.

या वर्णनातील तीन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. हे मंडल मातीचे आहे आणि त्यात देवता नाही. त्याचे माप सुपाचे, म्हणजे घरातल्या वस्तूचे आहे. आणि काम झाल्यावर ते मागे सोडून द्यावयाचे आहे. नदी उतरल्यावर तराफा डोक्यावर वाहून नेऊ नये हा भगवंतांचा दृष्टांत येथे अक्षरशः लागू पडतो. ज्या मंडलास हळद-कुंकू वाहिले जाते, किंवा जे काचेत घालून भिंतीवर कायमचे टांगले जाते, ते या अर्थाने कसिण-मंडल नव्हे.

वास्तुमंडल आणि गावकुस

ब्राह्मणी परंपरेतही मंडल शब्दाचे अर्थ अनेक आहेत. ऋग्वेदाची दहा मंडले म्हणजे ग्रंथविभाग. कौटिल्याचे राजमंडल म्हणजे विजिगीषू राजास मध्ये ठेवून मित्र, अरी, मध्यम आणि उदासीन अशा बारा राजांची केलेली मांडणी. व्रताच्या उद्यापनात चौरंगावर रंगीत तांदळांनी भरले जाणारे सर्वतोभद्र मंडल, ग्रहशांतीचे नवग्रहमंडल आणि वास्तुशांतीचे वास्तुमंडल ही महाराष्ट्रातील याज्ञिकांच्या नित्य वापरातील मंडले होत. शाक्तांचे श्रीचक्र हा स्वतंत्र विषय असून त्यात आम्ही येथे शिरत नाही.

आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे तो वास्तुमंडलाचा. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत ८१ आणि ६४ पदांची वास्तुमंडले सांगितली आहेत. जमिनीवर पालथ्या पडलेल्या पुरुषाच्या अंगावर देवतांना जागा वाटून दिल्या आहेत. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच प्रकरणात घरांची मापे वर्णांप्रमाणे उतरत्या क्रमाने दिली आहेत, हे मात्र वास्तूचे आधुनिक सल्लागार सांगत नाहीत. अर्थशास्त्रातील दुर्गनिवेशाचे प्रकरण याहून स्पष्ट आहे. नगराच्या उत्तरेस ब्राह्मण, पूर्वेस क्षत्रिय, दक्षिणेस वैश्य, पश्चिमेस शूद्र. आणि पाषंड व चांडाळ यांची वस्ती स्मशानाच्या कडेस. पाषंड या शब्दात वेदबाह्य श्रमण येतात. म्हणजे आपल्या पूर्वजांना या नकाशात जन्माने जी जागा दिली गेली, तीच जागा धर्मानेही दिली गेली.

येथे कोणी म्हणेल की, हा नगररचनेचा जुना ग्रंथ आहे, घराच्या दिशांशी त्याचा काय संबंध? संबंध हा आहे की, दोहोंमागील विचारपद्धती एकच आहे. जागेला स्वतःची प्रतिष्ठा असते, दिशेला शुभाशुभ गुण असतो, आणि ज्याची जी जागा ठरली तीत त्याने राहावे, हा तो विचार. गावकूस हे त्या मंडलाचेच बाहेरचे वर्तुळ होते. वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या गावाचा नकाशा काढून पाहावा. महारवाडा कोठे होता आणि पाणवठा कोणाचा कोठे होता, हे पाहिले की वास्तुपुरुषाचे पाय कोणाच्या अंगावर होते ते कळते.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली होती आणि तिचे अध्यक्षपद बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले होते. परिषदेपुढील प्रश्न अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा होता. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. मंदिराचे गर्भगृह हे मंडलाचे केंद्र असते. अमरावतीतील प्रश्न त्या केंद्राला हात लावण्याचा होता. महाडात ज्या ग्रंथाने वर्तुळे आखली त्यालाच अग्नी देण्यात आला. १९५६ च्या धम्मदीक्षेने त्याही पुढचे पाऊल टाकले. ते मंडल आमचे नाही, असे तेथे सांगण्यात आले. असे असता त्याच लोकांच्या नातवंडांनी घराचा पाया खणण्यापूर्वी वास्तुमंडलाची परवानगी मागावी, ही गोष्ट आम्हांस केवळ विसंगत वाटत नाही, दुःखद वाटते.

पालि साहित्याचा निर्णय या बाबतीत निःसंदिग्ध आहे. दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात ज्यांना तिरच्छानविज्जा म्हटले आहे, त्यांत वत्थुविज्जेचा स्पष्ट उल्लेख आहे. ती यादी भिक्खूंच्या मिथ्या उपजीविकेची आहे, उपासकांसाठी सांगितलेला तो नियम नव्हे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु जी विद्या शिकवून पोट भरणे भिक्खूस निषिद्ध, तिच्यावर विसंबून घर बांधणे उपासकास शोभते काय, एवढाच प्रश्न मग उरतो.

वेरूळची साक्ष

मग बौद्धांनी देवतांची मंडले कधीच केली नाहीत काय? केली, आणि त्यांचा एक उत्तम पुरावा महाराष्ट्रातच आहे. वेरूळच्या ११ व १२ क्रमांकाच्या लेण्यांत, म्हणजे 'दोन ताल' आणि 'तीन ताल' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांत, भिंतीवर नऊ चौकटींचे शिल्पपट कोरलेले आहेत. मधल्या चौकटीत बुद्ध आणि भोवतीच्या आठ चौकटींत आठ बोधिसत्त्व. अवलोकितेश्वर, वज्रपाणी, मैत्रेय, मंजुश्री, समंतभद्र, क्षितिगर्भ, आकाशगर्भ आणि सर्वनिवरणविष्कंभी हा तो अष्टबोधिसत्त्वांचा समूह. याच समूहाच्या मंडलाचे एक सूत्र आठव्या शतकात अमोघवज्राने चिनी भाषेत नेले.

या लेण्यांवर गेरी मलांद्रा यांचे 'अनफोल्डिंग अ मंडल' हे पुस्तक १९९३ साली न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाले. वेरूळच्या बौद्ध लेण्यांचा एवढ्या बारकाईने केलेला स्वतंत्र विचार त्यापूर्वी विरळा होता. लेण्यांचा कालानुक्रम, मूर्तींची ओळख आणि एका लेण्यातून दुसऱ्या लेण्यात झालेला विकास यांची मांडणी करताना लेखिकेने जे परिश्रम घेतले आहेत ते निश्चितच स्तुत्य आहेत. कैलास लेण्याच्या भव्यतेत दिपून गेलेल्या अभ्यासकांना त्यांनी दक्षिणेकडच्या बारा लेण्यांकडे वळविले, हे त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

तथापि त्यांच्या मुख्य प्रतिपादनाविषयी आमचा मतभेद आहे. भिंतीवरील नऊ चौकटींचा पट हे मंडल आहे, हे मान्य. परंतु त्यावरून संपूर्ण लेणे, त्याचे मजले, गर्भगृहे आणि मूर्तींचा क्रम हे सारे एकच उलगडत जाणारे मंडल आहे, असे म्हणताना शिल्पापेक्षा शास्त्राची साक्ष अधिक घेतली जाते. आणि ते शास्त्र बहुधा परदेशी अनुवादांतून वा उत्तरकालीन परंपरेतून आणावे लागते. एकदा मंडल शोधावयाचे ठरविले की प्रत्येक चौक मंडल दिसू लागतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावरील एकात एक वर्तुळे पाहून तेथेही मंडल पाहणारे लोक आहेत. ते सुंदर छत-अलंकरण आहे, याहून अधिक काही सिद्ध करण्यास आमच्याजवळ पुरावा नाही. उलट त्याच अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत जे भवचक्र रंगविलेले आहे, त्याचा हेतू ग्रंथांतूनच कळतो. मूलसर्वास्तिवादी विनयात असे चक्र विहाराच्या दाराशी काढावे आणि येणाऱ्यांना एका भिक्खूने ते समजावून सांगावे, असे सांगितले आहे. ते शिकविण्याचे चित्र आहे, पूजेचे नव्हे.

मलांद्रा यांच्या विवेचनात आम्हांस जे आढळले नाही, ते वेरूळला उभे राहिल्यावर प्रथम जाणवते. हे नऊ चौकटींचे पट उघड्या भिंतीवर आहेत. त्यांच्यापुढे पडदा नाही, दार नाही. उत्तरकालीन तंत्रग्रंथांत शिष्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यास मंडलाजवळ नेतात, फूल टाकावयास लावतात आणि मगच पट्टी सोडतात. वेरूळच्या भिंतीवरील मंडल आल्यागेल्या प्रत्येकास दिसते. त्या काळी तेथे कोणता विधी होत असे हे केवळ शिल्पावरून सांगता येणार नाही; पण शिल्पाने स्वतः कोणालाही अडविलेले नाही, एवढे निश्चित. आमच्या दृष्टीने वेरूळच्या मंडलाचे हे वैशिष्ट्य त्याच्या मूर्तिशास्त्राइतकेच महत्त्वाचे आहे.

उसनवारी कोणाची?

येथून आपण वज्रयानाकडे येतो, आणि येथेच अभिमानी पक्षास काही अप्रिय गोष्टी ऐकाव्या लागतील.

ज्युसेप्पे तुच्ची यांचा मंडलावरील प्रसिद्ध ग्रंथ १९४९ साली इटालियन भाषेत आणि १९६१ साली इंग्रजीत आला. त्यांनी आणि त्यांच्या आधी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी मंडलाकडे मनाचा नकाशा म्हणून पाहिले. विस्कळीत झालेले मन केंद्राकडे परत येते, त्या प्रवासाची ती आकृती, असे हे स्पष्टीकरण आहे. ते आकर्षक आहे आणि आजची रंग भरावयाची मंडलाची पुस्तके त्याच्याच आधाराने खपतात. परंतु त्यात एक मोठी उणीव आहे. मनाचे मंडल सर्वांचे सारखेच ठरले, की इतिहासातील मंडलात राजा कोण आणि द्वारपाल कोण हे विचारण्याची सोय उरत नाही.

रोनाल्ड डेव्हिडसन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय गूढ बौद्ध मताच्या सामाजिक इतिहासात ही उणीव भरून काढली आहे. गुप्तांच्या नंतरच्या काळात मोठी साम्राज्ये मोडली, सामंतांची वर्तुळे निर्माण झाली. मध्ये महाराजाधिराज आणि भोवती मांडलिक. मंत्रमार्गी बौद्धांचे मंडल याच सामंती रचनेच्या नमुन्यावर उभे राहिले आणि दीक्षाविधीस अभिषेक हे नाव मिळाले तेही राज्याभिषेकावरून, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 'मांडलिक' हा आपला रोजचा मराठी शब्द याची साक्ष देतो. आम्हांस हे प्रतिपादन मूलतः पटते. संघाने जेव्हा राजसभेची आकृती साधनेसाठी स्वीकारली, तेव्हा त्या आकृतीबरोबर उच्चनीचतेची भाषाही आत आली, हे मान्य केले पाहिजे.

हिंदू-बौद्ध उसनवारीचा प्रश्नही एकमार्गी नाही. सर्वतथागततत्त्वसंग्रह या ग्रंथात वज्रपाणी महेश्वरास जिंकतो आणि त्याला मंडलात स्थान देतो, अशी कथा आहे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या देवतेस बाहेर न हाकलता मंडलात खालच्या जागी बसविणे, ही पद्धत बौद्धांनीही वापरली. दुसऱ्या बाजूस, ॲलेक्सिस सँडरसन यांनी शैव ग्रंथांचे दाखले देऊन असे दाखविले आहे की, बौद्धांच्या योगिनीतंत्रांतील बराच भाग शैव तंत्रांवरून घेतलेला आहे. त्यांच्या सर्वच निष्कर्षांवर विद्वानांचे एकमत नाही. परंतु ग्रंथांतील साम्ये इतकी जवळची आहेत की, 'सर्व काही मूळचे बौद्ध' असे म्हणणाऱ्याने प्रथम त्यांना उत्तर दिले पाहिजे. घोषणा हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. ब्राह्मणी ग्रंथांची चिकित्सा ज्या कसोटीने आपण करतो, तीच कसोटी आपल्या ग्रंथांना लावली नाही, तर आपली चिकित्सा ही चिकित्सा न राहता भांडण होईल.

अमरावती आणि अमरावती

या अभिमानाचे एक स्थानिक उदाहरण देणे अवश्य आहे. कालचक्रतंत्राचा प्रथम उपदेश भगवंतांनी धान्यकटक येथील महास्तूपात केला, अशी तिबेटी परंपरा आहे. धान्यकटक म्हणजे आंध्रातील, कृष्णाकाठची अमरावती. जानेवारी २००६ मध्ये परमपावन दलाई लामा यांच्या उपस्थितीत कालचक्राचा जो मोठा अभिषेकसमारंभ झाला, तो त्याच अमरावतीस. हे वाचून वा ऐकून आपल्या भागातील एका अभ्यासवर्गात एका वक्त्याने वऱ्हाडातील अमरावती हीच कालचक्राची भूमी असल्याचे ठासून सांगितले, टाळ्याही झाल्या. आम्ही श्रोत्यांत होतो आणि त्या वेळी गप्प राहिलो, याची खंत वाटते.

आपल्या अमरावतीचे नाव परंपरेने उदुंबरावती, उंबरावती असे सांगितले जाते. नामसादृश्यावर इतिहास उभा राहत नाही. शिवाय वऱ्हाडास उसन्या वैभवाची गरजही नाही. अकोला जिल्ह्यात पातूर येथे खडकात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. मोर्शी तालुक्यात सालबर्डी येथे लेणी आहेत. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी २००० नंतरच्या दशकात केलेल्या उत्खननात विटांचा प्राचीन स्तूप उजेडात आला, आणि तो जिगाव प्रकल्पाच्या बुडिताच्या छायेत सापडला. जे मंडल खरोखर आपल्या मातीत आहे, विटांनी बांधलेले आहे, ते पाण्याखाली जाण्याचा प्रश्न पुढे असता, जे आपले नाही त्याचा गौरव करीत बसणे ही शोकांतिका होय. कालचक्राच्या वाळूच्या मंडलाचे वैभव सांगणाऱ्या वक्त्यांनी एकदा तरी भोनला जाऊन यावे, अशी आमची विनंती आहे.

मग आपले मंडल कोणते?

आता अकोल्याच्या उपासकाच्या प्रश्नाकडे परत येऊ.

भिंतीवरचे मंडल आणि नकाशातले मंडल एक नव्हेत. नकाशातले मंडल घराला नशीब चिकटविते आणि दिशेला भीती जोडते. ते त्याज्य आहे. भिंतीवरचे मंडल हे एका बौद्ध देशाच्या साधनेचे चित्र आहे. त्याचा आदर करावा. तिबेटी भिक्खू दिवसेंदिवस खपून वाळूचे मंडल घालतात आणि विधी संपताच ते पुसून वाळू नदीत सोडतात. ही अनित्यतेची शिकवण त्यातून घेता आली, तर अवश्य घ्यावी. परंतु ज्याची दीक्षा घेतली नाही, ज्याचा अर्थ ठाऊक नाही, ते चित्र घरास 'लाभावे' म्हणून टांगले तर ते वास्तुमंडलाचेच दुसरे रूप ठरते. तेथे भिंत बदलली, भीती तीच राहिली. परित्राणाच्या पाठात आपण बुद्धमूर्तीपासून सर्वांच्या हातांतून पांढरा दोरा फिरवितो. तो दोरा सर्वांना एकत्र बांधतो या भावनेने धरला तर तो धम्माचा आहे. त्याने भूतबाधा अडते या समजुतीने धरला तर त्यातही वास्तुपुरुष शिरला असे समजावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचनाची जी कसोटी दिली आहे, ती बुद्धिसंगततेची आणि मनुष्याच्या कल्याणाची आहे. त्या कसोटीतून बौद्ध म्हणविणारी वस्तूही सुटत नाही.

मग नव्या घरात प्रवेश करताना बौद्धाने काय करावे? याचे उत्तर दीघनिकायाच्या महापरिनिब्बानसुत्तात आहे आणि ते आपल्याकडे पुरेसे सांगितले गेलेले नाही. पाटलिगामच्या उपासकांनी आपले आवसथागार भगवंतांना वापरण्यास दिले. त्यांनी बैठक अंथरली, आसने मांडली, पाण्याचा रांजण भरून ठेवला, तेलाचा दिवा लावला. भगवंत पाय धुऊन आत आले आणि मधल्या खांबाला पाठ देऊन पूर्वाभिमुख बसले. भिक्खुसंघ पश्चिमेच्या भिंतीशी पूर्वाभिमुख बसला आणि उपासक पूर्वेच्या भिंतीशी पश्चिमाभिमुख, भगवंतांसमोर बसले. हे एक मंडलच आहे. त्यात केंद्र आहे, दिशा आहेत. पण दिशेची पूजा नाही आणि कोणी दाराबाहेर नाही. तेथे भगवंतांनी वास्तूविषयी एक शब्दही काढला नाही. दुःशील माणसाच्या पाच हानी आणि शीलवंताचे पाच लाभ त्यांनी सांगितले आणि रात्री बऱ्याच उशिरापर्यंत धम्मोपदेश केला.

प्रतिपक्ष येथे असे म्हणेल की, त्याच प्रसंगात पुढे पाटलिगामच्या जागांवर देवता वसत असल्याचे भगवंतांनी दिव्यचक्षूने पाहिले, असा मजकूर आहे. तो आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही. परंतु उपासकांना जो उपदेश केला त्यात त्या देवतांचा उल्लेख नाही. उपासकाने सुत्तातून घ्यावयाचे ते त्याला उद्देशून सांगितलेले.

संघाची सीमा हेही असेच मंडल आहे. पर्वत, पाषाण, वन, वृक्ष, मार्ग, वारूळ, नदी आणि जल या आठ निमित्तांनी ती आखतात; ती तीन योजनांहून मोठी असू नये असा नियम आहे. रेषा येथेही आहे. परंतु ती आखली जाते ती आतील प्रत्येकाची उपस्थिती वा संमती मिळविण्यासाठी. एकही भिक्खू वगळला तर कर्म अपुरे ठरते. आतील ज्येष्ठता वर्षावासांच्या गणनेवर, जन्मावर नव्हे. उपालि नापितास शाक्यकुमारांच्या आधी प्रव्रज्या दिली गेली ती याच रेषेच्या आत. कुंपण आणि सीमा यांतील भेद हाच : कुंपण माणसे बाहेर ठेवण्यासाठी घालतात, सीमा माणसे एकत्र आणण्यासाठी.

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. प्राचीन स्तूप भरीव असतात. त्यांना बाहेरून प्रदक्षिणा घालावयाची. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. तेथे माणूस आत जातो, वर्तुळाच्या मध्यापर्यंत जातो आणि बसतो. गाभाऱ्याच्या दाराशी ज्यांना अडविले गेले, त्यांच्या वंशजांनी उभारलेल्या वास्तूत केंद्र सर्वांसाठी मोकळे आहे. मंडलाच्या दीर्घ इतिहासात हा एक नवा अध्याय आहे, असे आम्हांस वाटते. आणि त्याचा अभ्यास वेरूळच्या नऊ चौकटींइतक्याच गांभीर्याने झाला पाहिजे.

मराठीत 'मंडल' उच्चारले की आकृती आठवते आणि 'मंडळ' उच्चारले की माणसे आठवतात. पंक्तीस, सभेस, वस्तीस आपण 'मंडळी' म्हणतो. अकोल्याच्या त्या उपासकास आम्ही आता एवढेच सुचवू इच्छितो. चित्र भिंतीवर राहू द्यावे, नकाशा बासनात बांधून ठेवावा, आणि पुढच्या पौर्णिमेस शेजारच्या सर्व वस्तीला, जात न विचारता, घरी बोलवावे. पाण्याचा रांजण भरावा, दिवा लावावा, एक सुत्त वाचावे आणि त्यावर चर्चा करावी. पाटलिगामच्या उपासकांनी याहून वेगळे काही केले नव्हते.